परदेशातला पहिला कागद

आमच्या शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आता जर्मनीला निघू लागली आहेत. कोणी अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी, कोणी नर्सिंगच्या कामासाठी, तर कोणी लग्नानंतर शोहरच्या नोकरीच्या गावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून मिरज, मालेगाव, सोलापूर, रत्नागिरी अशा गावांतल्या घरांतही जर्मन भाषेच्या वर्गाची चौकशी होऊ लागली. आखाती देशांत जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिथे बहुतेक कागद कंपनी किंवा कफील करून देतो. जर्मनीत तसे नाही. तिथे माणसाने स्वतः उठून कचेरीत जायचे असते.

निघण्याआधी वालिदैन आम्हाला विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. हलाल गोश्त मिळेल का, मशीद किती लांब आहे, थंडीत काय घालायचे. हे प्रश्न रास्तच आहेत, पण तिथे पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात कोणते काम करायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात त्याच कामाबद्दल लिहीत आहोत.

जर्मन भाषेत या कामाला 'आनमेल्डुंग' म्हणतात. म्हणजे आपण अमुक गावात, अमुक पत्त्यावर राहायला आलो आहोत, याची स्थानिक कचेरीत नोंद करणे. या कचेरीला कुठे 'ब्युर्गरआम्ट', कुठे 'ब्युर्गरब्युरो' असे नाव असते. अर्थ एकच, नागरिकांची कचेरी. आपल्याकडे घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो, त्यामुळे हा प्रकारही पोलिसांचा असेल असे अनेकांना वाटते आणि धास्ती बसते. तिथे हे काम नगरपालिकेचे आहे. नियम परदेशी माणसासाठी वेगळा केलेला नाही. एका गावातून दुसऱ्या गावात राहायला गेलेल्या जर्मन माणसालाही हीच नोंद करावी लागते.

१ नोव्हेंबर २०१५ पासून याबद्दल सगळ्या देशाला एकच कायदा लागू आहे. त्यानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंद करायची असते. हे दिवस विमानतळावर उतरल्यापासून मोजायचे नाहीत, घरात राहायला गेल्यापासून मोजायचे. मुदत चुकवल्यास एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, ही तिथल्या लोकांचीही तक्रार असते. म्हणून घर ठरले की त्याच दिवशी वेळ मागून ठेवावी आणि वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा. म्हणजे उशीर झालाच तर आपण प्रयत्न केला होता, हे दाखवता येते.

कचेरीत जाताना पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने दिलेले पत्र लागते. या पत्राचे जर्मन नाव लांबलचक आहे, 'वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग'. अमुक माणूस अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आला, एवढेच त्यात लिहिलेले असते. भाडेकरार दाखवून भागत नाही, हे पत्रच लागते. ही अट मध्ये काही वर्षे काढून टाकली होती. खोट्या पत्त्यांवर नोंदी होऊ लागल्या, म्हणून २०१५ च्या कायद्याने ती परत आणली.

पेच इथेच पडतो. घर मिळणे अवघड, भाडे जास्त. मग कोणी स्वस्तात खोली देऊ करतो आणि सांगतो की राहा, पण नोंद मिळणार नाही. दुसरा कोणी म्हणतो, राहा कुठेही, काही युरो द्या, मी माझ्या पत्त्याचे पत्र देतो. नव्या मुलाला दोन्ही गोष्टी सोयीच्या वाटतात. पण कोणी प्रत्यक्ष राहत नसताना त्याला नोंदीसाठी आपला पत्ता देणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्याचा दंड पन्नास हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. ज्याची नोंद खोटी, त्याच्या पुढच्या सगळ्या कागदांचा पायाच खोटा होतो. परदेशात पहिली सही खोट्या पत्त्यावर करून हलाल कमाईची सुरुवात कशी करायची, हा प्रश्न मुलांनी स्वतःला विचारावा आणि घरच्यांनीही त्यांना विचारावा.

म्हणून खोली बघताना भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न विचारायचा. इथे आनमेल्डुंग करता येईल का? विद्यार्थी वसतिगृहात हे पत्र सहज मिळते. हॉटेलात किंवा चार दिवसांच्या भाड्याच्या खोलीत बहुधा मिळत नाही. आणि जो आपल्याला रीतसर राहायला ठेवतो, त्या घरमालकाला हे पत्र देणे कायद्याने भाग आहे. तो टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने कचेरीला ताबडतोब तसे कळवायचे असते. गप्प बसून मुदत घालवण्यात नुकसान आपलेच.

नोंद झाली की हातात एक साधा कागद पडतो. दिसायला साधा असला तरी पुढची किती कामे त्याच्यावर अवलंबून आहेत पाहा. नोंद झाल्यावर काही आठवड्यांत टपालाने अकरा आकडी कर-क्रमांक येतो. तो जन्मभर तोच राहतो. नोकरीच्या ठिकाणी हा क्रमांक दिला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. बहुतेक बँका खाते उघडताना हाच नोंदीचा कागद मागतात. भारतातून नेलेला व्हिसा सहसा काही महिन्यांचा असतो. पुढचा वास्तव्य परवाना कोणत्या कचेरीतून घ्यायचा, हे नोंदलेल्या पत्त्यावरून ठरते. मुले बरोबर असतील तर अनेक राज्यांत त्यांची प्राथमिक शाळाही पत्त्यावरूनच ठरते.

यातले बरेच काही टपालाने येते, आणि जर्मन टपालाची एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला ठाऊक नसते. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात. पोस्टमन पत्रपेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आपले नाव नसेल तर पत्र परत जाते. म्हणून राहायला गेल्याच्या दिवशीच पत्रपेटीवर आणि बेलवर आपले नाव लावून घ्यावे. दुसऱ्याच्या घरात एक खोली घेतली असेल तर पत्त्यात त्या घरवाल्याचे नावही घालावे. एक चिठ्ठी चिकटवायची राहिल्याने कर-क्रमांकाची महिनाभर वाट पाहणारी मुले आम्हाला माहीत आहेत.

नावाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा जास्त बोलायला हवे, कारण आपल्या घरांत नावांची गडबड फार असते. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद' लिहायच्या ऐवजी नुसते 'मो.', पासपोर्टवर इंग्रजीत तिसरीच अक्षरे. 'शेख' हे आडनाव तर एकाच घरात चार भावांच्या कागदांवर इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे. मुलींच्या नावात 'बी', 'बानो', 'खातून', 'बेगम' हे शब्द शेवटी येतात आणि परदेशातला कारकून त्यालाच आडनाव समजतो. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. लग्नानंतर कोणी वडिलांचे नाव ठेवते, कोणी शोहरचे, आणि निम्मे कागद जुन्या नावावर, निम्मे नव्या नावावर राहतात.

जर्मन कचेरी पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे उतरवून घेते. ते नाव मग कर, बँक, विमा, परवाना, सगळीकडे पसरते. मागाहून बदलायचे तर प्रत्येक ठिकाणी खेटे घालावे लागतात. म्हणून दुरुस्ती करायची ती इथे असताना, पासपोर्ट काढताना. दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि पासपोर्ट या तिन्हींवरचे इंग्रजी स्पेलिंग एक असावे. शिक्षक म्हणून आमची विनंती याच्याही आधीची आहे. मुलाचे नाव पहिलीत घालायला याल, तेव्हा जन्मदाखला बरोबर आणा आणि त्यावर जसे नाव आहे तसेच लिहून द्या. परदेशातली बरीचशी अडचण त्या एका सहीने टळते.

पती-पत्नी दोघे जाणार असतील तर एका फॉर्मवर कुटुंबाची नोंद होते, पण विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला विचारला जाऊ शकतो. आपल्याकडे निकाहनामा असतो. तो बहुधा उर्दूत, हाताने लिहिलेला असतो. आपल्या दृष्टीने तो पुरेसा आहे, परदेशी कचेरीला तो वाचता येत नाही आणि त्यावर सरकारी शिक्काही नसतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे निकाहची नोंद करून प्रमाणपत्र मिळते. लग्न झाले की हे काम उरकून घ्यावे. जर्मनीला जायचे ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरे. या प्रमाणपत्राचे आणि जन्मदाखल्यांचे जर्मन भाषांतर मान्यताप्राप्त अनुवादकाकडूनच करून घ्यावे.

आता त्या फॉर्मवरच्या एका रकान्याबद्दल. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिथून विचारले होते की फॉर्मवर धर्म विचारला आहे. ओळखीचे लोक सांगतात, तिथे 'नाही' असे लिही. पण असे लिहिले तर मी आपला दीन नाकारला असे होईल का? आणि मुसलमान असे लिहिले तर पुढे काही त्रास होईल का? दोन्ही बाजूंनी तिला भीती वाटत होती.

ही भीती आम्ही समजू शकतो. २०१९-२० च्या त्या महिन्यांत आपल्या घराघरांत पेट्या उघडून आजोबांचे दाखले शोधले गेले, ते कोणी विसरलेले नाही. सरकारी कागदावर आपला धर्म लिहिला जाणे, ही आपल्यासाठी साधी बाब राहिलेली नाही. म्हणून हा रकाना नेमका काय विचारतो, ते समजून घेतले पाहिजे.

जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चेसना, तसेच आणखी काही धार्मिक संस्थांना कायद्याने सार्वजनिक संस्थेचा दर्जा आहे. त्यांच्या सभासदांकडून सरकार आयकराबरोबर चर्चचा कर गोळा करून त्या संस्थांना देते. हा कर बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांत आयकराच्या आठ टक्के आणि बाकीच्या राज्यांत नऊ टक्के असतो. फॉर्मवरचा रकाना यासाठीच आहे. तुम्ही या कर घेणाऱ्या संस्थांपैकी एखादीचे सभासद आहात का, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा ईमान काय आहे, हे त्यात विचारलेलेच नाही. आपल्या मशिदींसाठी असा कर सरकारमार्फत गोळा होत नाही. त्यामुळे मुसलमान माणसाने तिथे 'अशा संस्थेचा सभासद नाही' या अर्थाचा पर्याय निवडला, तर ते खरे उत्तर आहे. शरीअतचा फैसला देणे हे आमचे काम नाही, त्यासाठी आलिम आहेत. पण फॉर्मची भाषा समजावणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि भाषा एवढेच सांगते.

या रकान्यात चर्चची नावे दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपात लिहिलेली असतात. न समजता त्यातल्या एखाद्यावर खूण केली, तर पगारातून चर्चचा कर कापला जाईल. म्हणून जे वाचता येत नाही त्यावर खूण करायची नाही. समोरच्या कारकुनाला विचारायचे, नाहीतर भाषा जाणणारा कोणी बरोबर न्यायचा.

आणि दुसरी भीती? तिचे उत्तर जर्मनीच्याच इतिहासात आहे आणि ते कडू आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिले होते की आपली धार्मिक श्रद्धा उघड करण्याची सक्ती कोणावरही नाही. हक्क आणि कर्तव्ये ज्यावर अवलंबून असतील तेवढ्यापुरतेच सरकारने धार्मिक संस्थेचे सभासदत्व विचारावे. घटनेतले कलम तसेच राहिले आणि सत्तेवर नाझी आले. १९३८ मध्ये त्यांनी रहिवासी नोंदणी साऱ्या देशात एकसारखी केली. १९३९ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, हे विचारले गेले. शेजारच्या नेदरलँड्सवर जर्मनांनी कब्जा केला, तेव्हा तिथल्या नीटनेटक्या नोंदवह्यांत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला होता. त्या देशातले सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही डच माणसांनी पोलिसांचा वेश करून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली, शेजाऱ्यांची नावे त्या कपाटांत राहू नयेत म्हणून. त्यांच्यापैकी बहुतेक पकडले गेले आणि त्याच वर्षी १ जुलैला बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

हे सगळे भोगल्यावर जर्मनीने १९४९ च्या आपल्या मूलभूत कायद्यात वायमारचे ते कलम पुन्हा घेतले. १५ डिसेंबर १९८३ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात निकाल दिला की आपली माहिती कोणाला द्यायची आणि ती कशासाठी वापरायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे. सरकारने माहिती घ्यायची तर कायद्याने ठरलेल्या कामापुरतीच घ्यावी. आजच्या नोंदणी कायद्यात धर्माबद्दल फक्त अशा सार्वजनिक संस्थेचे सभासदत्व नोंदवण्याची तरतूद आहे. आपल्या माहितीपैकी काही गोष्टी, जसे पत्त्यांची पुस्तके छापणाऱ्यांना दिला जाणारा पत्ता, देऊ नये असे सांगण्याचाही हक्क रहिवाशाला आहे. हा फॉर्म नोंदणीच्या दिवशीच मागून घेता येतो.

नोंदवही चांगल्या हातांत असेल तर ती माणसाला शाळा, विमा, परवाना मिळवून देते. वाईट हातांत गेली तर काय होते, तेही याच इतिहासाने दाखवले. पण म्हणून नोंदच करायची नाही, हा त्यावरचा उपाय नाही. नोंद नसलेल्या माणसाला पगार बुडाला, घरमालकाने हाकलले, आजारपण आले, तर दाद मागायची कुठे? आपल्याबद्दल काय लिहिले जाते आहे ते वाचून, समजून, खरे तेवढे सांगणे, हाच शहाणा मार्ग. त्या मुलीला आम्ही हेच कळवले.

आता काही किरकोळ बाबी. नोंद झाल्यावर काही दिवसांनी रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे पत्र येते. महिन्याला साधारण अठरा युरो, दर घरामागे. टीव्ही नसला तरी ती भरावी लागते. चार मुले एका घरात राहत असतील तर एकाने भरली की पुरे, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. हे पत्र जाहिरात समजून फेकू नये, रक्कम साठत जाते. अम्मी-अब्बा भेटीला गेले तर त्यांची नोंद करायची का, असेही विचारतात. भारतात राहणारा माणूस तीन महिन्यांपर्यंत पाहुणा म्हणून राहिला तर नोंद लागत नाही.

जर्मनीतच घर बदलले, तर नव्या पत्त्याची नोंद पुन्हा दोन आठवड्यांत करायची. आणि देश सोडून परत यायचे असेल तर नाव काढण्याचीही नोंद असते. ती निघण्याच्या एक आठवडा आधीपासून, निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. परतीच्या गडबडीत हे काम राहून जाते आणि मागे वर्गणीची बिले त्या जुन्या पत्त्यावर येत राहतात. विमा, वर्गणी, मोबाइलचे करार बंद करताना नाव काढल्याचा हा कागद उपयोगी पडतो.

घरी राहणाऱ्या वालिदैनसाठी शेवटची गोष्ट. मुलगा-मुलगी पोहोचल्यावर पहिला फोन येतो तेव्हा आपण विचारतो, जेवलास का, थंडी किती आहे. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक विचारा, नोंद झाली का, पत्रपेटीवर नाव लावले का. कागदाचा फोटो मागवून घ्या आणि घरच्या फायलीत निकाहनामा, जन्मदाखला, पदवी यांच्या प्रतींबरोबर ठेवा. रात्री-अपरात्री एखादी प्रत लागली तर ती पाठवणारे तुम्हीच असाल.

अल्लाह आपल्या मुलांना परक्या गावात आसरा, हलाल रोजी आणि चांगले शेजारी देवो. आमीन.